कूलर तर आहे घरात!

गेल्या रविवारी नागपूरहून भाचीचा फोन आला. "मामा, मी कॉम्प्युटर असेंबल करतेय. लिस्ट पाठवलीय, बघून सांग ना." ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणि (हे तिने सांगितलं नाही, मी ओळखलं) गेम खेळण्यासाठी तिला दणकट डेस्कटॉप हवाय. यादी उघडली. पहिल्याच ओळीत प्रोसेसर आणि त्या एका ओळीत बजेटमधले जवळजवळ निम्मे पैसे गेलेले. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी असं करत करत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, "कूलर : उरलेल्या पैशात जो येईल तो."

मी म्हटलं, "अगं, कूलरचं असं का?" तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, "अरे, कूलर तर आहे घरात! मागच्याच वर्षी नवीन खस भरलीय!"

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी खुलासा : आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला, खसच्या ताट्यांचा, पाणी पिणारा आणि मार्च ते जून घरातल्या कर्त्या माणसाइतका मान असलेला पंख्याचा डबा. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तो कूलर वेगळा. आम्ही तिघंही खूप हसलो. पण फोन ठेवल्यावर ती शेवटची ओळ काही डोक्यातून जाईना. कारण एकवीस वर्षांपूर्वी अशीच एक चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती, बाबांच्या कॉम्प्युटरसाठी. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते मी आजवर घरात कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. आज सांगतो. मात्र आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझी चूक नीट कळणार नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, ट्रान्झिस्टर २९ हजार. त्याच्यावर पंखा नव्हता, धातूचा साधा तुकडाही नव्हता. काळी चिप बोर्डावर उघडीच बसलेली असे. पंखा होता तो वीजपुरवठ्याच्या डब्यात, आणि त्या अख्ख्या संगणकाचा वीजपुरवठा होता ६३.५ वॅटचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी कॉलेजात असताना लॅबमध्ये ३८६ होते. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. एसी अखंड चालू. तो आमच्यासाठी नसून कॉम्प्युटरसाठी आहे हे सर वर्षातून चारदा तरी ऐकवत. गंमत म्हणजे ते ३८६ सुद्धा उघडेच असत. १९८५ साली आलेल्या त्या प्रोसेसरात २ लाख ७५ हजार ट्रान्झिस्टर होते, तरी त्याला डोक्यावर काही लागत नसे. १९८९मध्ये आलेल्या ४८६ने १२ लाखांचा आकडा गाठला. १९९२ साली त्याचा ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२ आला, तेव्हा त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, बसवायला सुरुवात झाली. मग मार्च १९९३मध्ये पेंटियम आला. ३१ लाख ट्रान्झिस्टर, पाच व्होल्टवर चालणारा आणि चांगलाच तापणारा. प्रोसेसरच्या डोक्यावर गरगरणारा छोटा पंखा ही गोष्ट घरोघरी पोचली ती साधारण तेव्हापासून.

म्हणजे पहिली बारा वर्षं "कुठला कूलर घेऊ?" हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

असं होणार हे जाणकारांना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यातून पुढे 'मूरचा नियम' निघाला. त्याच लेखात त्यांनी उष्णतेचा प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता. एकाच चिपवर हजारो घटक कोंबले तर त्यांची उष्णता बाहेर काढता येईल का? उत्तर त्यांनी होकारार्थी दिलं होतं. १९७४मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं गणित मांडलं. ट्रान्झिस्टर सगळ्या बाजूंनी लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करत जा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही दर चौरस सेंटिमीटरची उष्णता वाढणार नाही. हे म्हणजे घरात माणसं दुप्पट झाली पण प्रत्येकजण निम्मंच जेवतो, तेव्हा किराण्याचं बिल तेवढंच! या हिशेबावर पुढची तीसेक वर्षं सगळ्या धंद्याचा गाडा चालला.

पण हिशेबात एक अट होती. व्होल्टेज कमी करत राहता आलं पाहिजे. ते एका मर्यादेखाली नेलं की ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही त्यातून थोडा थोडा प्रवाह गळायला लागतो. नळ घट्ट बंद केला तरी थेंब थेंब पाणी गळतं तसा. एक थेंब काही नाही, पण असे कोट्यवधी नळ असले तर? शिवाय वेग वाढवायचा तर व्होल्टेज चढं ठेवावं लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे वेग थोडा वाढवला तरी ताप त्याहून बराच जास्त वाढतो.

आता हे सगळं बाजारात कसं दिसत होतं ते बघू. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात 'सॉकेट ७' नावाचं एक खोबण होतं. त्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे, सायरिक्सचाही बसे. व्होल्टेजचे जंपर तेवढे बरोबर लावायचे. एकच मदरबोर्ड, एकाच प्रकारचा कूलर, प्रोसेसर मात्र तुमच्या आवडीचा. एसटीच्या बाकासारखं, कुणीही बसा. १९९७ साली इंटेलने पेंटियम टू आणला तो 'स्लॉट १' या नव्या खाचेत उभा राहणाऱ्या काडतुसाच्या रूपात, आणि हा एकोपा संपला. एएमडीने १९९९मध्ये ॲथलॉनसाठी 'स्लॉट ए' काढला. गंमत बघा, दोन्ही खाचा आकाराने सारख्या, पण एकमेकींच्या उलट्या फिरवून बसवलेल्या, आणि विजेच्या दृष्टीने एकीचा दुसरीला उपयोग शून्य. तिथून पुढे "हा प्रोसेसर, मग हाच बोर्ड आणि त्याला बसेल तोच कूलर" हे सुरू झालं ते आजतागायत.

मग लागली शर्यत. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने एक गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री. पेपरात बातम्या आल्या. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता तेही गिगाहर्ट्झवर बोलू लागले. त्यानंतरचे ॲथलॉन सॉकेटमध्ये आडवे बसत आणि त्यांची सिलिकॉनची चकती वरून उघडी असे. कूलरची पोलादी पट्टी स्क्रूड्रायव्हरने जोर लावून अडकवायची. हात सटकला किंवा कूलर तिरका टेकला की चकतीचा कोपरा उडालाच. २००१ साली एका हार्डवेअर संकेतस्थळाने व्हिडिओ काढला, चालू कॉम्प्युटरवरून कूलर उचलला तर काय होतं याचा. पेंटियम फोर मंदावला पण जगला. ॲथलॉनमधून धूर निघाला. तो व्हिडिओ आम्ही ऑफिसात सगळ्यांनी मिळून बघितला होता, आणि कुणाला काय शिकायचं ते शिकायच्या ऐवजी "अरे, परत लाव, परत लाव" असं चाललं होतं.

पेंटियम फोर नोव्हेंबर २०००मध्ये आला. त्याची घडणच मुळी गिगाहर्ट्झचा आकडा वाढावा अशी केलेली होती. एका ठोक्यात काम थोडं कमी होईल, पण ठोके भरपूर. एएमडीची पंचाईत झाली, कारण त्यांचा प्रोसेसर कमी ठोक्यांत तेवढंच काम करायचा आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला हे समजावणार कोण? म्हणून २००१च्या ऑक्टोबरपासून त्यांनी वेगाऐवजी मॉडेलचा आकडा लिहायला सुरुवात केली. १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं नाव '१८००+'. थोडक्यात, दोन्ही कंपन्यांना कळून चुकलं होतं की गिऱ्हाईक एकच गोष्ट वाचतं, डब्यावरचा आकडा.

त्याच २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका तंत्रपरिषदेत इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी धोक्याची घंटा वाजवली होती. हे असंच चालू राहिलं तर चिपची दर चौरस सेंटिमीटरची उष्णता आधी अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल, असं ते म्हणाले. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २००४मध्ये, 'प्रेस्कॉट' नावाचा नवा पेंटियम फोर आला. १२.५ कोटी ट्रान्झिस्टर, चकती सुमारे ११२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. आणि त्याच्या काही मॉडेलांची उष्णता शंभर वॅटच्या पुढे! घरातला शंभरचा पिवळा दिवा आठवा. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेतून उचलून बाहेर फेकायची. मे २००४मध्ये इंटेलने त्याच्या पुढची आवृत्ती रद्द केली. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द केला, आणि त्याच महिन्यात ऑरलँडोच्या एका परिषदेत इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून, अर्धवट गमतीत का होईना, त्याबद्दल माफी मागितली.

आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, दिवाळीच्या आठवडाभर आधी, मी लॅमिंग्टन रोडवर उभा होतो. हातात चिठ्ठी. पहिल्या ओळीत प्रोसेसर : "सगळ्यात मोठा आकडा".

बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. अकोल्याच्या घरी त्यांच्या टेबलावर जुन्या वह्या, पोस्टकार्डं, जमिनीच्या कागदांच्या नकला, असा ढीग साचला होता. मी मुंबईहून फुशारक्या मारत सांगितलं होतं, "बाबा, हाताने कशाला लिहिता? मी तुम्हाला कॉम्प्युटर देतो." खरं तर मराठी टाइप करायला दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरला असता. पण बाबांना द्यायचा तर भारीतलाच द्यायचा, आणि भारी म्हणजे काय तर आकडा! कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हता. कूलर डब्यातच आलेला होता. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, अकोल्याला चाललाय ना? एक चांगला कूलर घेऊन जा, कॅबिनेटला मागे एक पंखा लावून देतो." मला वाटलं, हा आपला खिसा हलका करायला बघतोय. नको म्हटलं. कॅबिनेट चादरीत गुंडाळून विदर्भ एक्सप्रेसने अकोल्याला नेलं. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

बाबा बरहा शिकले. एका बोटाने टाइप करायचे. सकाळी पूजा आटोपली की दहा ते एक. वर्षभरात त्यांनी साठ पानं केली, सातव्या पिढीपासून माझ्या पणजोबांपर्यंत. फोनवर आवाजात वेगळाच तजेला असायचा.

२००५च्या दिवाळीला मी गेलो तेव्हा साफसफाई काढली. कॉम्प्युटर उघडला तर आत धुळीचा थर. मोठ्या हौसेने सगळं पुसलं. कूलर काढून पात्यांमधली धूळ ब्रशने झाडली. प्रोसेसरवर आणि कूलरच्या बुडाला काहीतरी करडं, वाळलेलं चिकटलेलं होतं. मला वाटलं, मळ. कापसाला स्पिरिट लावून ते अगदी आरशासारखं लख्ख पुसलं आणि कूलर परत बसवला. कोरडा.

ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ता कपाळावर हात मारला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो मळ नव्हता, ती थर्मल पेस्ट होती. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचं बूड डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर दोन्ही खडबडीत असतात. एकमेकांवर ठेवले तर खऱ्या अर्थाने टेकतात ते थोड्याच ठिकाणी, बाकी फटीत हवा. आणि हवेसारखी उष्णता अडवणारी गोष्ट नाही, म्हणून तर गोधडी ऊब धरते. तांब्याची उष्णतावाहकता ४००च्या आसपास धरली तर त्याच एककात हवेची भरते ०.०२६. पेस्टचं काम एवढंच की फटीतली हवा हुसकावून तिची जागा घ्यायची. मी बाबांच्या प्रोसेसरवर हवेची गोधडी पांघरली आणि हात झटकून मुंबईला परत आलो.

हिवाळाभर काही झालं नाही. इथे एक साधं गणित आहे. प्रोसेसरवरचा कूलर काही बर्फ बनवत नाही, तो फक्त उष्णता खोलीत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश जास्त तापणार, एवढंच त्याच्या हातात असतं. कूलर दर वॅटमागे पाव अंश चढू देत असेल तर शंभर वॅटला पंचवीस अंश. खोली वीस अंशांची असेल तर पंचेचाळीस, खोली चाळीसची असेल तर पासष्ट. आणि मधे हवेची गोधडी असेल तर त्यावर आणखी कितीतरी. जानेवारीत जे निभावलं ते अकोल्याच्या मे महिन्यात कसं निभावणार?

एप्रिल २००६पासून बाबांचे फोन यायला लागले. "अरे, हा अचानक बंद पडतो." मी म्हटलं, भारनियमन असेल. त्या वर्षी अकोल्यात विजेचे हाल होतेच. बाबा म्हणाले, "नाही, वरचा पंखा चालू असतो." मी म्हटलं, यूपीएस असेल. यूपीएस बदलला. मग म्हटलं, व्हायरस असेल. प्रोसेसरमध्ये तापमान मोजणारा घटक असतो. फार तापला की तो आधी वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला एका क्षणात सगळं बंद करतो. कसलीही सूचना नाही. सेव्ह न केलेलं गेलं ते गेलं. बाबांची एकदा तीन पानं गेली, एकदा पाच. त्यात कॉम्प्युटर ठेवला होता तो बंद कप्प्याच्या लाकडी टेबलात. टेबल छान दिसतं म्हणून मीच आणलेलं!

मे महिन्याच्या शेवटी फोनवर ते म्हणाले, "माझंच काहीतरी चुकीचं बटण दाबलं जातं बघ. मला नाही जमत हे. तुझं महागाचं यंत्र बिघडायला नको." आणि ते पुन्हा वहीकडे वळले.

योगायोग असा की दोनच महिन्यांनी, जुलै २००६मध्ये, इंटेलचा कोअर टू ड्युओ आला आणि आकड्यांची ती सगळी शर्यतच निकालात निघाली. त्याचं मूळ लॅपटॉपसाठी केलेल्या पेंटियम एममध्ये होतं. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने तो घडवला होता. लॅपटॉपला बॅटरी पुरवून खावी लागते, त्यामुळे त्या लोकांना पहिल्या दिवसापासून काटकसर शिकावीच लागली होती. कोअर टूचं २.४ गिगाहर्ट्झचं मॉडेल अवघ्या ६५ वॅटच्या मर्यादेत बसायचं आणि तीन गिगाहर्ट्झच्या वरच्या पेंटियमांना सहज मागे टाकायचं. आकडा घटला, ताप घटला आणि काम वाढलं! आकड्याच्या मागे धावणाऱ्या माझ्यासारख्यांच्या थोबाडीत बसावी तसं.

२००७ साली, सुट्टीत अकोल्याला गेलो असताना, कॉम्प्युटर विकून टाकावा म्हणून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. विशीतला पोरगा. त्याने झाकण उघडलं, कूलर काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, याले पेस्टच नाही लावली कोनं." खिशातून ट्यूब काढली, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, कूलर दाबून बसवला, कॅबिनेट टेबलातून काढून बाहेर ठेवलं. पुढची सहा वर्षं तो कॉम्प्युटर एकदाही असा बंद पडला नाही. पोराने घेतले पन्नास रुपये.

बाबांनी विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणालो, "काही नाही, एक पार्ट खराब होता."

हेच ते, जे आजवर सांगितलं नव्हतं. "माझी चूक होती" एवढं मला म्हणता आलं नाही. ऑफिसात लोक मला विचारून कॉम्प्युटर घेत, आणि गल्लीतल्या पोरासमोर, बाबांसमोर, अकोल्याच्या आमच्याच ओसरीवर मला कमीपणा वाटला. बाबांना "पार्ट खराब होता" म्हणजे तो आपल्याच हातून झाला, असंच वाटलं असणार. पुढे ते त्यावर पेपर वाचायचे, गाणी ऐकायचे, पण टाइप करायला बसले नाहीत ते नाहीतच. कुलवृत्तांत वहीत पुढे सरकला, पणजोबांपासून आजोबांपर्यंत. २०१३मध्ये बाबा गेले. टाइप झालेली साठ पानं आणि हस्ताक्षरातल्या चार वह्या ताईकडे आहेत.

असो. भाचीच्या यादीकडे येऊ.

तिने निवडला होता नावाच्या शेवटी 'के' असलेला, अगदी वरच्या दर्जाचा प्रोसेसर. आजच्या प्रोसेसरवर वॅटचे आकडे दोन असतात आणि जाहिरातीत बहुधा लहानच दिसतो. उदाहरणार्थ, इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या २०२१च्या प्रोसेसरचा पायाभूत आकडा १२५ वॅट आहे, पण जोर लावल्यावर तो २४१ वॅटपर्यंत जाऊ शकतो. १९८१चा तो अख्खा पीसी आठवा, ६३.५ वॅट. एएमडीकडेही तेच. रायझन ५ ७६००वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. कूलर निवडायचा तो मोठ्या आकड्याकडे बघून. दुसरं म्हणजे, इंटेलच्या अशा 'के' प्रोसेसरांच्या डब्यात २०१५पासून कूलर येतच नाही. म्हणजे "उरलेल्या पैशात जो येईल तो" हा त्या २४१ वॅटचा एकमेव रखवालदार!

मग बसण्याचा प्रश्न. इंटेलच्या बोर्डावर कूलरच्या भोकांमधलं अंतर २००९च्या एलजीए ११५६पासून ७५ मिलिमीटर होतं. २०२१च्या एलजीए १७००मध्ये ते ७८ झालं. तीनच मिलिमीटर, पण मित्राने दिलेला जुना कूलर नव्या पट्ट्यांशिवाय बसायचा नाही. एएमडीने २०२२मध्ये एएम ५ सॉकेट आणताना एएम ४चीच मापं ठेवली, त्यामुळे तिथे बरेच जुने कूलर चालतात. मात्र मागची पट्टी स्वतःची वेगळी लावणारे कूलर तपासून घ्यावे लागतात. शिवाय कूलरची उंची कॅबिनेटच्या रुंदीत मावते का आणि त्याचा पंखा रॅमवर आडवा येतो का, हेही बघायचं. ही सगळी मापं कूलर आणि कॅबिनेटच्या माहितीपत्रकात छापलेली असतात. पाच मिनिटांचं काम.

तिला मी ६५ वॅटवाला प्रोसेसर सुचवला. तिच्या कामाला तो भरपूर आहे. त्यात वाचलेल्या पैशातून चार हीटपाइपचा उभा कूलर आणि कॅबिनेटला पुढे-मागे पंखे. हीटपाइप ऐकून तिने विचारलं, "म्हणजे काय?" तांब्याच्या बंद नळीत किंचित पाणी. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते आणि होताना उष्णता उचलते, पात्यांच्या बाजूला ती वाफ थंड होऊन परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून वातीसारखं शोषलं जाऊन परत खाली येतं. १९६३मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे घडवून दाखवलं. ताईला सांगितलं, "तुझ्या खसच्या कूलरचाच भाऊ आहे गं. दोघंही पाण्याची वाफ करूनच गारवा आणतात. हा फक्त स्वतःचं पाणी परत परत वापरतो." ताई म्हणाली, "मग तो बरा, बादल्या ओतायला नकोत."

भाचीने यादी बदलली. शेवटच्या ओळीतला कूलर दुसऱ्या ओळीत आला. मग तिने विचारलं, "मामा, तुला हे सगळं एवढं बारीकसारीक कसं माहीत?" तेव्हा तिला जे सांगितलं तेच वर लिहिलंय. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांचं काही चुकलंच नव्हतं."

नव्हतं. त्यांनी सगळी बटणं बरोबर दाबली होती.

पुढच्या शनिवारी मी नागपूरला जातोय. जोडणी तिनेच करायची, मी फक्त शेजारी बसणार. पेस्ट कुणी लावायची यावर मात्र एकमत झालंय : ती लावणार आणि मी दाणा केवढा ते सांगणार. कॉम्प्युटर सुरू झाला की पहिलं काम गेम नाही, असा तिनेच स्वतःहून शब्द दिलाय. ताईकडच्या चारही वह्या काढायच्या आणि एकसष्टाव्या पानापासून सुरुवात करायची. नातेवाईक मंडळी, ज्यांच्याकडे जुनी पोस्टकार्डं, फोटो असतील त्यांनी जपून ठेवा, मागायला येतोच आहे.